हौसाची लाथ

हरिश्चंद्र गावकराच्या पाठीत लाथ घालायला मिळावी असा नवस हौसानं कुठल्या देवाला केला नव्हता. असं काही मागता येतं हेच तिला ठाऊक नव्हतं. शिव्याशाप मात्र तिनं पोटभर दिले होते, चुलीपुढे बसून, काजूच्या बिया वेचताना, विहिरीवर दोर ओढताना. आणि एका सकाळी, कलमांना मोहोर धरला होता त्या दिवसांत, गावकराची बायको यमुनाबाई आपल्या पायांनी तिच्या अंगणात आली, पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, "हौसावैनी, आमच्या ह्यांच्या पाठीत उसन भरलीय गो. येऊन तेवडी लाथ मारून जा."

हौसाच्या हातातला खराटा जागच्या जागी थांबला.

आता हे लाथेचं प्रकरण सांगायला हवं. हौसा पायाळू होती, म्हणजे जन्मताना आधी पायांनी बाहेर आलेली. अशा माणसाबद्दल तळवटकोंडात नाना गोष्टी बोलत. त्याला जमिनीतलं धन दिसतं म्हणत. हौसाला ते दिसलं असतं तर ती लोकांच्या काजूच्या बिया वेचत बसली असती का? वीज त्याच्यावर पडते असंही म्हणत, म्हणून ढग गडगडले की तिची आई तिला कणगीच्या मागे बसवून ठेवायची. पण एका गोष्टीवर सगळ्यांचा भरवसा होता. कुणाच्या पाठीत उसण भरली, लचक भरली, तर त्यानं सकाळी चूळ भरायच्या आधी उंबऱ्यावर पालथं पडायचं आणि पायाळूनं उजव्या पायानं दुखऱ्या जागी तीनदा लाथ मारायची. हलकीच मारायची. पैसे घ्यायचे नाहीत. एके काळी थेट लांज्याहून माणसं हौसाची लाथ खायला यायची.

मग यायची बंद झाली, आणि ती कुणी बंद केली हे सांगायचं तर पुन्हा हरिश्चंद्राचंच नाव घ्यावं लागतं.

तळवटकोंडाच्या गावकीचा तो प्रमुख. शिमग्यात पालखी आधी कुणाच्या दारात जाणार इथपासून कुणी कुणाशी बोलायचं इथपर्यंत सगळीकडे त्याचा शब्द शेवटचा. सोळा वर्षांपूर्वी त्याला आपल्या कलमांच्या बागेत गाडी न्यायची होती आणि वाट हवी होती ती हौसाच्या नवऱ्याच्या, काशीरामच्या काजूंमधून. काशीरामनं नाही म्हटलं. भावकीतला माणूस, वयानं लहान, आणि भर बैठकीत नाही म्हणतो! हरिश्चंद्रानं ती वाट गावाची केली आणि काशीरामला वाळीत टाकलं. विहीर बंद झाली, बोलणं बंद झालं. पालखी दारावरून वाजतगाजत पुढे गेली आणि हौसा ओवाळणीचं ताट हातात धरून उभी राहिली.

त्याच पावसाळ्यात काशीरामला थंडी भरून ताप आला. डाव्या कुशीत, बरगड्यांच्या खाली, दुखायला लागलं. हौसाला वाटलं, उसण. तिनं त्याला उंबऱ्यावर निजवलं आणि पोराला थोपटावं इतक्या हलक्या पायानं तीनदा मारलं. गुण आला नाही. ताप चढत गेला आणि एका सकाळी तो पांढराफटक पडला. तेव्हा गावात फोन लागत नव्हता आणि गाडी होती ती एकच, हरिश्चंद्राची जीप. हौसा धावत त्याच्या अंगणात गेली. जीप ताडपत्रीखाली उभी होती. तिनं पदर पसरला. हरिश्चंद्र ओटीवरून उठला नाही. "वाळीतल्या मानसाला गाडी देयाची तर गावकी बसवायला लागंल," तो म्हणाला. "उंद्या बघू."

शेवटी बौद्धवाडीतला सखाराम आपले दोन मुलगे घेऊन आला. गावकीची बंदी त्याला लागू नव्हती, असती तरी त्यानं मानली नसती. त्यांनी डोली बांधली आणि काशीरामला खांद्यावर घेऊन घाटी चढायला सुरुवात केली. हमरस्ता दिसायच्या आधीच काशीरामनं धरलेला हौसाचा हात सैल पडला.

आणि मग हरिश्चंद्रानं जे केलं त्याला हौसाकडे क्षमा नव्हती. काशीरामचं दिवसकार्य व्हायच्या आत त्यानं गावभर केलं, की नवरा आजारी असताना ह्या बाईनं ऐन दुखण्यावर लाथ घातली, आतलं काहीतरी फुटलं, आता त्याला गाडी देऊन तरी काय उपयोग होता? झालं. जीप सगळे विसरले. लाथ तेवढी सगळ्यांच्या लक्षात राहिली. आईच्या पायाला दोष म्हणून तेजस्वीला, तिच्या एकुलत्या लेकीला, जवळपासचं स्थळ मिळेना; ती पार मंडणगडला द्यावी लागली. पुढे वाळीत टाकणं कायद्यानं गुन्हा ठरलं तशी गावकी नरमली, पालखी दारात यायला लागली. माफी कुणी मागितली नाही.

सगळ्यांत वाईट गोष्ट हौसानं कुणालाच सांगितली नव्हती. ऐकून ऐकून तिला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं. ती बसताना उजवा पाय दुमडून पदराखाली घ्यायची. आपल्याच पायाची तिला भीती वाटायची.

आणि आज ही यमुनाबाई अंगणात उभी होती.

हौसा डोक्यानं अडाणी नव्हती. खराटा हातात धरूनच तिनं हिशेब मांडला. ज्या पायानं माणूस मरतो असं तुझा नवरा बोंबलत फिरला, त्याच पायाखाली तो आता पाठ द्यायला निघाला. म्हणजे ते खोटं आहे हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं! माझी पोर दूर गेली, मी माझ्या पायाला भ्यायले, आणि हा मात्र मनातून स्वच्छ जाणून होता! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"येतंय," ती म्हणाली. "चूळ भरू नको म्हनावं."

हरिश्चंद्र उंबऱ्यावर पालथा पडला होता. अंगात ताप होता, दोन घोंगड्यांखाली कुडकुडत होता. सहासात दिवस असंच चाललंय, लांज्याच्या दुकानातून गोळ्या आणल्या, लेप लावला, कशानं उतार नाही, असं त्याचा मुलगा राजेंद्र म्हणाला. राजेंद्र मुंबईची नोकरी सोडून बाग बघायला परत आलेला, सरळ मनाचा माणूस. त्यानं दवाखान्याचं नाव काढलं होतं, पण बापानं ऐकलं नव्हतं. गावकीतला धाकू आणि आणखी दोघंतिघं ओटीवर टेकले होते.

"कुटं दुखता?" हौसानं विचारलं.

हरिश्चंद्रानं तोंड वर न करता हात मागे नेऊन डाव्या कुशीवर ठेवला.

पहिली लाथ तिनं रीतीप्रमाणे मारली. दुसरीही. तिसरीला मात्र तिनं पाय मागे घेतला, आणि त्या पायात ती झाकलेली जीप होती, दारावरून गेलेली पालखी होती, घाटीत सैल पडलेला हात होता. धप्पकन आवाज झाला. "आई गो!" हरिश्चंद्र किंचाळला. ओटीवरची माणसं उठून उभी राहिली.

"जुनी उसन हाय," हौसा शांतपणे म्हणाली. "जरा जोरात लागतंय."

घरी येताना तिच्या मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. आख्ख्या गावकीच्या देखत तिनं गावकराला लाथाडलं होतं आणि त्यांनीच तिला तशी विनंती केली होती! असा दिवस फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

पण हा आनंद दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच टिकला. यमुनाबाईनं नारळ पाठवून दिला. ह्यांना बरं वाटतंय, ताप उतरलाय, वाडगाभर पेज घेतली, असा निरोप होता. हौसानं तो नारळ असा काही आपटला की अर्धं पाणी भिंतीवर उडालं. सोळा वर्षं पोसलेली लाथ, आणि तिनं त्याला गुण यावा! वर संध्याकाळी दोन बायका आपापली कंबर धरून दारात हजर. "वैनी, आमाला पन तशीच मारा. जोरात." हौसानं त्यांना खराट्यानं पिटाळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हरिश्चंद्र ओटीवर चहा पीत बसला होता. कप हातातून सुटला. त्यानं डावी कूस दोन्ही हातांनी दाबली, घामानं डबडबला आणि बसल्या जागी कलंडला. राजेंद्रनं त्याला उचलून गाडीत घातलं, लांज्याला नेलं, तिथून तडक रत्नागिरीला. संध्याकाळपर्यंत बातमी गावात आली. डावी किडनी फुटली होती. पोटात रक्ताचं तळं झालं होतं. डॉक्टरांनी किडनी काढून टाकली, माणूस अजून अतिदक्षता विभागात आहे.

"हौसाच्या लाथेनं किडनी फोडली!" तळवटकोंडात दुसरा विषय नव्हता. विहिरीवर बायका तिला बघून बाजूला झाल्या. धाकू समोरून येत होता तो बांधावरून उतरून ढेकळांतून गेला. हौसाला ते इतकं गोड वाटलं, की घरी येऊन तिनं घावने घातले, नारळाचा रस काढला, त्यात गूळ घातला आणि एकटीनं पाटावर बसून सणासारखं जेवली. मर मेल्या, प्रत्येक घासाला ती म्हणत होती. नाहीतर जग, पण अर्धा जग.

शेवटचा घावना मात्र घशाखाली उतरेना. कारण तोवर तिच्या मनात ते आलं होतं. ह्या पायानं हरिश्चंद्राची किडनी फुटली असेल, तर मग काशीरामचं काय? तीच कूस, तोच ताप, तोच पाय. हरिश्चंद्राला मी मारलं म्हणून नाचायचं असेल तर काशीरामलाही मीच मारलं असं म्हणायला हवं. एक घ्यायचं आणि दुसरं टाकायचं, असं करता येत नव्हतं. घावना ताटातच राहिला.

दुसऱ्या दिवशी हवालदार आला. मार लागून आतला अवयव फुटला असं घरच्यांनी सांगितलं की दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं, आणि राजेंद्रनं तसं सांगितलं होतं. हवालदार बिचारा देवाधर्माचा माणूस होता. म्हातारी रडेल, पाया पडेल, अशा तयारीनं आला होता.

"रीत म्हणून मारलीत ना, आजी? जाणूनबुजून नाही ना?"

"जानूनबुजून," हौसा म्हणाली. "दोन रीतीच्या. तिसरी माझी. लिवा तसा."

हवालदाराचं पेन थांबलं. "जरा विचार करून बोला हो. डॉक्टरांचं मत अजून यायचंय. उद्या रत्नागिरीला दवाखान्यात या, तिथंच काय ते बघू."

हौसानं रात्रीच बोचकं बांधून ठेवलं. दोन साड्या, चादर, तपकिरीची डबी. दवाखान्यातून परस्पर तुरुंगात नेतील असा तिचा अंदाज होता आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. पायानं नवरा मेला असेल तर तुरुंगात जावं हेच बरं. एसटीत खिडकीशी बसून ती फक्त एक वाक्य घोकत होती. लांजा गेलं, पाली गेली, हातखंब्याला एसटी वळली, आणि तोवर वाक्य अगदी घोटून तयार झालं: एक गेली, भावजी. दुसरी हाय अजून. आनि माझा पाय पन हाय. एवढं त्याच्या तोंडावर बोलायचं आणि मग पोलीस नेतील तिकडे जायचं. उरलेलं आयुष्य तो मान वळवून वळवून मागे बघत राहील. काशीरामच्या जिवाची एवढी तरी भरपाई झालीच पाहिजे.

डॉक्टर मृणाली तिच्या लेकीच्या वयाची होती. तिनं हवालदाराला बसायला सांगितलं, हौसालाही सांगितलं. बोचकं मांडीवर घेऊन हौसा बसली, उजवा पाय सवयीनं साडीखाली ओढून.

"आजी, तुम्ही घाबरू नका," डॉक्टर म्हणाली. "तुमच्या लाथेनं काही झालेलं नाही."

हौसाला वाटलं, कुणी तिच्या तोंडातला घास काढून घेतला. "आसा कसा? मी चांगली मारली जोरात."

"मारली असेल. पण त्यांच्या पाठीवर काळानिळा डागसुद्धा नाही. बरगड्या, स्नायू, सगळं धड आहे."

"नीट बगा बाई. डावीकडं मारली."

हवालदारानं कपाळाला हात लावला. आरोपी स्वतःविरुद्ध एवढी भांडताना त्यानं पाहिली नव्हती.

डॉक्टरनं खुर्ची पुढे ओढली आणि सोप्या शब्दांत सांगितलं. हरिश्चंद्राला साखरेचा आजार होता. लघवीच्या वाटेत खडा अडकला होता, त्याच्या वर पू साठत गेला होता. लघवीला जळजळ होत होती ती त्यानं लाजेपोटी कुणाला सांगितली नाही. आठवडाभर थंडी भरून ताप आला तोही अंगावर काढला. आतल्या आत किडनी सडून मऊ झाली आणि बसल्या जागी आपोआप फाटली. असं फार क्वचित होतं, पण होतं. "फाटली तीही पुढून, पोटाच्या बाजूनं. तुमच्या लाथेनं फुटली असती तर उंबऱ्यावरच कोसळले असते, पेज खात बसले नसते. तुम्ही पाय लावला नसतात तरी ती फुटणारच होती." मग ती जरा रागावून म्हणाली, "पण यापुढे अशी लाथ कुणाला मारू नका. ताप, थंडी आणि एका कुशीत दुखणं असेल, तर ती उसण नसते."

"थंडी भरून ताप," हौसा हळूच म्हणाली. "आनि येका कुशीत."

"हो."

"माझ्या मालकाना तसाच झालावता, बाई. मी त्येना पन लाथ मारली व्हती." सोळा वर्षांत हे तिनं पहिल्यांदाच तोंडानं उच्चारलं. "हलकीच. पोराला थोपटतात तशी. त्या लाथेनं मेलं व्हयत काय?"

डॉक्टर म्हणाली, "मी त्यांना तपासलं नाही, त्यामुळे त्यांना नेमकं काय झालं होतं ते सांगता येणार नाही. पण थोपटल्यासारख्या लाथेनं कुणी मरत नाही, आजी. एवढं मी नक्की सांगते."

"गाडी मिळाली असती तर?"

"वेळेत दवाखान्यात आणलं असतं तर वाचायची आशा होती. हे गावकर कशानं वाचले? मुलानं लगेच गाडीत घालून आणलं म्हणून. आणखी उशीर झाला असता तर मीही काही करू शकले नसते."

हौसा रडली. हवालदारासमोर, डॉक्टरसमोर, बोचक्यात तोंड खुपसून ती हमसून हमसून रडली. काशीरामला तिनं मारलं नव्हतं. ही गोष्ट इतकी मोठी होती, की ती छातीत मावेना. डॉक्टरनं पाणी दिलं ते ती प्यायली. आणि पाणी पिऊन डोकं जरा थंड झालं तसं दुसरं टोक तिच्या हाती लागलं. मी मारलं नाही. मग कोणी मारलं?

तिनं तोंड पुसलं. "बाई, हे सगला तुमी त्याच्या म्होरं बोलाल? सगल्यांच्या देखत?"

"मी दोनदा सांगितलंय त्यांना. ते ऐकायलाच तयार नाहीत. लाथेनंच फुटली म्हणतात. चला, तुमच्यासमोर पुन्हा सांगते."

हरिश्चंद्राला त्याच सकाळी वेगळ्या खोलीत हलवलं होतं. उशाशी यमुनाबाई, खिडकीशी राजेंद्र, आणि भेटायला आलेला धाकू गावकीतल्या आणखी एकाबरोबर बाकावर. दारात हौसा दिसताच हरिश्चंद्रानं चादर गळ्यापर्यंत ओढली. "हिला भायर काडा," तो म्हणाला. "राजू, हिला भायर काड!"

तो भ्यायला होता. खरोखर भ्यायला होता. स्वतः रचलेली थाप आज त्याच्याच मानगुटीवर बसली होती. हौसाच्या ओठांवर ते एसटीतलं वाक्य आलं. एक गेली, दुसरी हाय. एवढं बोलली असती तरी माणूस मरेपर्यंत थरथरत राहिला असता. पण ते बोलायचं म्हणजे तिचा पाय मारका हे तिनं स्वतःच कबूल करायचं. काशीरामच्या कुशीवर ठेवलेला पायही मारका ठरणार. नाही. तिनं ते वाक्य गिळलं. जड गेलं, पण गिळलं.

डॉक्टरनं सगळं पुन्हा सांगितलं. खडा, पू, ताप, आपोआप फाटणं. लाथेचा संबंध नाही.

"तुमी शिकलेली मानसा," हरिश्चंद्र डोळे मिटून म्हणाला. "हिच्या पायाचा गुन आख्ख्या गावाला म्हायती हाय. हिचा घोव तसाच गेला."

"गुन म्हायती व्हता," हौसा म्हणाली, "तर मग मना बोलवलात कशाला, भावजी?"

धाकूनं मान वर केली. इतक्या दिवसांत हा साधा प्रश्न त्याच्याही डोक्यात आला नव्हता.

हौसा आता त्याच्याकडे बघतच नव्हती. ती खिडकीकडे वळली. "राजू, बापाला कशातनं आनलास?"

"गाडीतून, काकी."

"आदी गावकी बसवलीवतीस?"

राजेंद्रला कळेना. "गावकी? कशासाठी? माणूस मरत होता."

"माझा पन मरत व्हता. तुमच्या अंगनात मी पदर पसरून हुबी व्हती. जीप ताडपत्रीखाली व्हती. तुजा बापूस बोल्ला, गावकी बसवायला लागंल, उंद्या बघू. आनि मग गावभर सांगितलान, हौसानं लाथेनं मारला."

राजेंद्र बापाकडे बघू लागला. काशीरामकाकानं त्याला लहानपणी पोहायला शिकवलं होतं. तो गेला तेव्हा राजेंद्र मुंबईला होता, आणि बापानं लांज्याहून फोन केला तेव्हा त्यानं पहिला प्रश्न विचारला होता तो जीपचाच. "बाबा, जीप बिघडली होती ना? तुम्ही मला तसं सांगितलं होतं. पाटा तुटला होता म्हणालात."

यमुनाबाईनं पदर तोंडाला लावला. बाकावर धाकू उगाच खाकरला, एकदा, दोनदा, आणि मग जमिनीकडे बघत म्हणाला, "जीप चालू व्हती, राजू. त्याच सांजच्याला मी तिच्यातनं खताच्या गोनी आनल्या."

बाहेर कुणाचा तरी मोबाईल वाजून थांबला.

"राजू," हरिश्चंद्र म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. "पानी दे जरा."

तांब्या राजेंद्रच्या हाताशी, खिडकीच्या कट्ट्यावर होता. तो हलला नाही. बापाकडे पाठ करून तो बाहेर बघत राहिला. हरिश्चंद्रानं पुन्हा हाक मारली, तरी तसाच. शेवटी यमुनाबाई उठली, वळसा घालून गेली, तिनं तांब्या उचलला आणि पाणी पाजलं. पाणी हरिश्चंद्राच्या हनुवटीवरून ओघळलं, कारण घोट घेतानाही त्याची नजर मुलाच्या पाठीवरून हटत नव्हती.

हौसानं ते डोळे भरून पाहिलं. उंबऱ्यावरची लाथ लागलीच नव्हती. ही लागली, आणि कुठं लागली ते तिला दिसलं. तिला दया आली नाही. यायला हवी होती असंही वाटलं नाही.

हवालदारानं टोपी घातली. "मग तक्रारीचं काय?"

"काही तक्रार नाही," राजेंद्र खिडकीकडेच तोंड करून म्हणाला. "माझी चूक झाली. तसं लिहून देतो."

हौसा बोचकं काखेत मारून जिना उतरली. फाटकाशी पोचली तेवढ्यात मागून पावलं वाजली. राजेंद्र धावत आला होता. त्याचे डोळे लाल झाले होते. हातात गाडीची किल्ली होती. "काकी, थांबा. मी तुम्हाला गाडीनं घरी सोडतो. एवढं तरी करू द्या."

हौसानं त्याच्याकडे बघितलं. पोरगा चांगला होता. त्याचा काही गुन्हा नव्हता, हे तिला कळत होतं. पण ती किल्ली सोळा वर्षं उशिरा तिच्यासमोर आली होती.

"आदी गावकी बसव," ती म्हणाली. "त्येना इचार. मग उंद्या बघू."

आणि ती उन्हातून एसटी स्टँडच्या रस्त्याला लागली.